साखराबाईचा आजार

"हळू चढ. घाई न्हाई," शेषेराव म्हणाले, आणि दवाखान्याच्या अर्ध्या जिन्यात कठडा धरून थांबले. "बस हितं. दम घे जरा."

साखराबाईला दम लागलेला नव्हता. एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात लुगड्याचा घोळ धरून ती असे आणखी दोन जिने चढून गेली असती. पण नवऱ्याने बस म्हटले ह्याचेच तिला भय वाटले. ती मुकाट्याने पायरीवर बसली. शेषेरावही शेजारी टेकले. टोपी काढून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. माघ महिना होता, सकाळी उमरीच्या फलाटावर दोघांनी कानाला गुंडाळून घेतले होते. ह्या थंडगार जिन्यात घाम येण्यासारखे काय होते? माझ्या काळजीनेच ह्यांना घाम फुटलाय, असे साखराबाईने मनाशी धरले आणि ती आणखीनच भ्याली.

लग्न झाल्यापासून ह्या माणसाने तिला बस असे कधी म्हटले नव्हते. कापूस वेचताना ऊठ म्हटले होते, बाजाराला जाताना चल म्हटले होते, आणि ती तापाने फणफणलेली असताना "चहा करतीस का?" असेही विचारले होते. माणूस वाईट नव्हता, फक्त बायको थकते हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते. तोच माणूस आज बस म्हणतो, सकाळपासून हळू चाल म्हणतो, गाडीत खिडकीची जागा देतो. म्हणजे काहीतरी आहे आणि ते आपल्यापासून लपवले जात आहे.

सुरुवात संक्रांतीनंतर झाली होती. गावात मारुतीच्या पारावर तपासणीचे शिबिर होते. आरोग्य खात्याच्या आशाताईने, राजकन्याने, साखराबाईच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि म्हणाली, "प्रेशर जरासं वरी हाय काकू. मीठ कमी करा. पुढच्या आठवड्यात परत दाखवा." एवढेच. साखराबाई घरी येईपर्यंत विसरूनही गेली होती. पण त्याच संध्याकाळी नळावर पाणी भरताना तिने पाहिले, शेषेराव राजकन्याच्या अंगणात उभे राहून तिच्याशी कितीतरी वेळ बोलत होते. मधूनच छातीवर हात ठेवत होते. राजकन्या गंभीर चेहऱ्याने मान हलवत होती.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केले, "नांदेडला जायचं. हार्टच्या डॉक्टरला दाखवायचं."

"कुनाला?"

"तुला. आनिक कुनाला?"

ज्या माणसाने आयुष्यभर तापावर घोंगडी आणि मुरगळलेल्या पायावर हळद ह्यापलीकडे औषध मानले नाही, तो बायकोला नांदेडला हार्टच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला. साखराबाईने काय समजायचे ते समजून घेतले. पुढचे दिवस तिने निरवानिरवीत घालवले. शेजारणीला सांगून ठेवले की म्हशीला आधी पेंड दाखव, मगच ती पान्हा सोडती. पुण्याकडे कंपनीत असलेल्या मुलाला, संगमेश्वरला, फोनवर उगाचच विचारले, जेवतोस ना वेळेवर? आणि घरातल्या सगळ्या गोधड्या ओढ्यावर नेऊन धुतल्या. आपण गेल्यावर भेटायला येणाऱ्या बायांना मळकी गोधडी दिसायला नको.

भीती होती ती थोरल्या भाऊजींमुळे. लक्ष्मणराव, म्हणजे शेषेरावांचे मोठे भाऊ, असेच छातीचे दाखवायला लातूरला गेले होते. धुतलेले धोतर नेसून, स्वतःच्या पायाने बसमध्ये चढले. "नुसतं दाखवून येतो," म्हणाले. ते आले गाडीतून, आडवे. डॉक्टर म्हणाले होते, फार अंगावर काढले, फार उशिरा आणले. गाडीतून त्यांचा मुलगा भारत उतरला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची एक पिशवी होती आणि पिशवीत बापाच्या चपला. जाऊबाई पंचफुलाबाई तोवर दगडासारखी बसलेली होती, ती चपला बघून ओरडून रडली. आणि शेषेराव तेव्हा जे बोलले ते नंतरही पुष्कळदा बोलत राहिले. "डॉक्टरनं बिमारीचं नाव घेतलं अन् भाऊ गेला. नाव घेतलं नसतं तर जगला असता."

"चल," साखराबाई उठली. "नंबर जाईल."

शेषेराव कठड्याला धरून उठले. उठताना त्यांनी तोंडाने हवा सोडली. उरलेल्या पायऱ्या चढताना ती एक पायरी मागे राहिली, कारण नवऱ्याच्या पुढे जिना चढणे तिला बरे दिसत नव्हते.

वर बाकड्यांवर जिल्हाभरचे लोक बसलेले होते. हदगावचा एक म्हातारा पाकिटांतले एक्स-रे काढून उजेडाकडे धरून बघत होता, जणू त्याला त्यातले कळत होते. दाराशी चपलांचा ढीग होता. शेषेरावांनी आपल्या चपला नीट कडेला काढून ठेवल्या. तपकिरी, जाड टाचेच्या, संक्रांतीच्या बाजारात उमरीहून आणलेल्या. एक माप मोठ्या आणल्या म्हणून साखराबाईने तेव्हा त्यांना धारेवर धरले होते. "ह्या वयात पाय वाढून राहिलेत का काय तुमचे?" पण त्यांनी त्या बदलून आणल्या नव्हत्या.

"पेशंट कोण?" पांढऱ्या कोटातल्या सिस्टरने विचारले. छातीवरच्या पाटीवर धम्मप्रिया असे नाव होते. मुलगी तिशीची असेल. डोळ्यांखाली जागरण दिसत होते, पण आवाज मायेचा होता.

"ही," शेषेराव म्हणाले.

"नाव, मावशी?"

"साखराबाई शेषेराव," शेषेरावच म्हणाले.

"मावशीला बोलता येतं ना काका? बोलू द्या की त्यांना."

दंडाला पट्टा बसला. साखराबाईने डोळे मिटले. सिस्टर म्हणाली, थोडेसेच वाढलेय, भीतीने पण वाढते. साखराबाईचा त्यावर विश्वास बसला नाही. हे सगळे लोक एकमेकांना सामील आहेत, असे तिला वाटत होते.

डॉक्टर संगमेश्वरच्या वयाचे होते. टेबलावर प्लास्टिकचे एक हृदय होते, लाल-निळे, उघडून ठेवलेले. साखराबाईने त्याच्याकडे बघायचे नाही असे ठरवले.

"काय त्रास होतो, मावशी?"

तिने तोंड उघडले. तिला सांगण्यासारखा त्रास एकच होता, तो म्हणजे भीती. पण त्याआधीच शेषेराव खुर्चीत पुढे सरकले.

"साहेब, हिला चालताना दम लागतोय. आधी चढाला लागायचा, आता सपाटीला बी लागायलाय. भरलेली कळशी उचलली की बसावं लागतंय."

साखराबाईने नवऱ्याकडे पाहिले. काल संध्याकाळीच तिने डोक्यावर एक आणि कमरेवर एक कळशी आणली होती, आणि दारात बसून शेषेरावांनी ते पाहिले होते. मग तिच्या लक्षात आले. तहसीलला पिकाचे नुकसान सांगताना हे असेच करतात. जरा वाढवून सांगितल्याशिवाय साहेब लोक मान वर करत नाहीत. तिला थोडे बरेही वाटले. म्हणजे खरा आजार ह्याहून लहान असणार.

"छातीत दुखतं?"

"दुखत न्हाई. दाबल्यावानी व्हतंय. हितं." शेषेरावांनी तळवा आपल्या सदऱ्यावर, डाव्या बाजूला ठेवला. मग भानावर येऊन तो काढला आणि बोट बायकोकडे केले. "हिला, हितं."

"आणि रात्री? झोप लागते?"

शेषेराव बोलू लागले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता, आणि तहसीलमधला तो सूर त्यात कुठेच नव्हता.

"रात्रीचं सांगू नगा साहेब. आडवं झालं की पान्यात बुडाल्यावानी व्हतंय. घडीभर डोळा लागतोय, मग दचकून उठायचं. दार उघडून भाईर यायचं अन् तोंड वासून हवा घ्यायची. वाटतंय, झालं आता, सकाळ काय दिसत न्हाई. हाक मारावी तर जवळ कुनी न्हाई. मग त्या पिंपाला पाठ लावून बसायचं, उजाडंपर्यंत."

डॉक्टर लिहीत होते. साखराबाई हलली नाही.

पिंप घरात नव्हतेच. पिंप होते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या त्या पत्र्याच्या खोलीत. फवारणीच्या पाण्याचे निळे प्लास्टिकचे पिंप, दाराच्या आत, डाव्या हाताला.

"कधीपासून आहे हे?"

"पोळ्याच्या पुढंमागं."

पोळ्यानंतर शेषेरावांनी आपली वाकळ उचलून आखाड्यावर नेली होती. रानडुकरे माजलीत, सोयाबीन ठेवीनात, म्हणाले. सोयाबीन निघाले तरी ते परतले नाहीत. मग ज्वारीला डुकरे आली, आता हरभऱ्याला आली होती. गावात बाकीच्यांनी कुंपणाच्या तारेला झटका मशीन बसवून रात्रीची जागल बंद केली, तरी ह्यांची जागल सुटेना. नळावरच्या बाया तिला चिडवत, "काय गं साखरा, डुकरं गोड लागली का तुझ्या मालकाला?" ती हसण्यावारी न्यायची आणि मनातून रागवायची. एकटीला घर खायला उठायचे. आपला कंटाळा आला असेल, असेही एकदा मनात येऊन गेले होते.

"पायाला सूज?"

"सांजच्याला येतीया. बोटानं दाबलं की खळी पडतीया. चपला घट्ट व्हायल्या, मग मोठ्या घ्याव्या लागल्या."

साखराबाईने खाली पाहिले. शेषेरावांचे अनवाणी पाय खुर्चीखाली मागे ओढून घेतलेले होते. घोट्याचे हाड दिसत नव्हते. इतके दिवस ह्या माणसाला ती रोज वाढत होती आणि तिने एकदाही पायाकडे पाहिले नव्हते.

आधी तिला राग आला. असा राग की इथेच उठून त्या टोपीवर एक ठेवून द्यावी. आपल्याला मरणाच्या दारात बसवले, गोधड्या धुवायला लावल्या, आणि हे स्वतःचा आजार माझ्या नावाने सांगत बसलेत. मग तिला ते दिसले. अंधारात, पत्र्याच्या दारात, पिंपाला टेकून बसलेला आपला माणूस, आणि अर्ध्या कोसावर गावात गाढ झोपलेली आपण. मग राग कुठे गेला ते तिला कळले नाही. सकाळपासून ती स्वतःसाठी भीत होती. ती भीती बरी होती. निदान ती ओळखीची तरी झाली होती. ही जी आता पायापासून वर चढत होती, ती नवऱ्यासाठी होती.

डॉक्टरांनी तिला टेबलावर बसवून छाती ऐकली, पाठ ऐकली. नडगीवर अंगठा दाबून पाहिला.

"छाती तर स्वच्छ आहे. सूजही दिसत नाही."

"सकाळची नसतीया साहेब," शेषेराव घाईने म्हणाले. "तुमी गोळ्या लिहून द्या. मी चारीन तिला रोज, खाडा करू द्यायचा न्हाई. अशा बिमारीला काय गोळी असतीया?"

"तपासल्याशिवाय हार्टच्या गोळ्या देता येत नाहीत, काका. आधी ईसीजीची पट्टी काढू, मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करू. त्यात काय निघतं ते बघू."

"पन काही निघालं न्हाई तर? तरी बी गोळी द्याल ना?"

डॉक्टर हसले. "नाही निघालं तर आनंदच आहे की."

शेषेरावांचा चेहरा पडला. असा पडलेला चेहरा साखराबाईने गारपिटीच्या वर्षीही पाहिला नव्हता. एवढ्या लांब येऊन, एवढे सगळे सांगून, हातात काहीच पडणार नव्हते.

तिथल्या तिथे सांगून टाकावे, हे माझे नाही, ह्यांचे आहे, असे तिच्या अगदी ओठावर आले होते. पण नवऱ्याला ती ओळखून होती. तसे म्हणायचा अवकाश, ते टोपी घालून उठले असते आणि जिना उतरून थेट स्टेशनवर जाऊन बसले असते. मग पुन्हा तो आखाडा, पुन्हा ते पिंप. एवढी मोठी युक्ती त्यांनी काढली होती ती गोळी मिळावी आणि आपल्या नावाने बिमारीचा उच्चार होऊ नये म्हणून. भाऊ गेल्यापासून ते तेवढ्यालाच भीत होते. तिने तोंड मिटून घेतले आणि सिस्टरच्या मागे पट्टी काढायच्या खोलीत गेली. शेषेराव तिच्या मागोमाग आले.

खोलीत एक उंच खाट, शेजारी मशीन आणि मशीनला लोंबणाऱ्या वायरी होत्या.

"झोपा मावशी," धम्मप्रिया म्हणाली.

साखराबाई खाटेजवळ गेली आणि थांबली. "मला भ्या वाटतंय."

"काही दुखत नाही. करंट बिरंट काही नसतो."

"न्हाई, मी न्हाई निजत. आधी ह्यांना निजवा. ह्यांना काय व्हतंय ते मला बघू द्या, मग मी निजते."

"असं नसतं हो मावशी. कागद तुमच्या नावाचा आहे."

साखराबाईने सिस्टरचा हात धरला. मनगटाच्या वर, घट्ट, आणि तिच्याकडे सरळ पाहिले. नंतर मान न हलवता नुसती नजर खाली नेली, नवऱ्याच्या पायांवर. सिस्टरची नजर तिच्या नजरेमागे गेली. पायांवर थांबली, तिथून वर शेषेरावांच्या मानेवर आली, जिथे कॉलरच्या वर शीर तटतटून दिसत होती. मग तिने शेषेरावांचा श्वास ऐकला. जिना चढून कितीतरी वेळ झाला होता आणि तो अजून खाली बसलेला नव्हता.

"बरं," ती हळूच म्हणाली. "काका, या बरं. मावशीला एकदा दाखवा कसं असतं ते."

"मी कशाला? मला काय झालंय?"

"तुमाला कुठं काय झालंय?" साखराबाई म्हणाली. "संगू ल्हान व्हता तवा सुईला किती रडायचा. तुमी आधी आपला दंड पुढं करायचाव, बघ, मला टोचली, मी रडलो का? मग त्यो गप टोचून घ्यायचा. तसंच समजा."

शेषेराव तिच्याकडे पाहत राहिले. तिनेही नजर काढली नाही. आपले डोळे भरू नयेत एवढेच ती मनात म्हणत होती, कारण डोळे भरले असते तर ते गेले असते. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. शेषेरावांनी टोपी काढली, घडी केली आणि तिच्या हातात दिली.

ते खाटेवर आडवे झाले आणि लगेच कोपरावर उठले. "उशी देता का एक?"

सिस्टरने काही न विचारता दोन उशा दिल्या. तरी भागले नाही म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू वर केली. छातीला वायरी लागल्या. पांढरे केस, काळी छाती आणि त्यावर रबरी गोंडे. साखराबाई त्यांच्या उशाशी उभी राहून मशीनकडे बघत होती. कागद सरकत बाहेर येऊ लागला. तिला त्यातले काही कळत नव्हते. तिने सिस्टरचा चेहरा वाचला, आणि तो वाचायला शाळेत जावे लागत नाही.

"तसंच पडून राहा काका. मी आले," धम्मप्रिया म्हणाली. ती धावली नाही, पण दार तिने उघडेच टाकले.

डॉक्टर आले. पट्टी पाहिली, शेषेरावांच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकले, नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर खळी तशीच राहिली. मग त्यांनी साखराबाईकडे पाहिले. साखराबाईने मान हलवली.

डॉक्टर शेषेरावांना रागवले नाहीत, ह्याबद्दल ती पुढे जन्मभर त्यांना दुवा देणार होती. त्यांनी नुसते विचारले, "काका, आता दम लागतोय का?"

शेषेरावांनी छताकडे बघितले. "हाव," ते म्हणाले. आणि मग, लहान मुलाच्या आवाजात, "लई लागतोय साहेब."

इको झाला. नाकाला नळी लागली, हाताला सुई लागली. आजच ठेवून घ्यायचे ठरले. डॉक्टर काही सांगायला खाटेजवळ आले तेव्हा शेषेरावांनी सुई नसलेला हात वर केला.

"मला नगा सांगू. नाव घ्यायचं असंल तर भाईर घ्या. तिला सांगा, ती धट हाय."

साखराबाई धट वगैरे काही नव्हती. बाहेर भिंतीला पाठ लावून तिने ऐकून घेतले. हृदय फुगले आहे, त्याची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी झाली आहे. फुप्फुसात पाणी साचते, म्हणून आडवे झाले की बुडाल्यासारखे होते. पाणी औषधाने उतरेल. पुढे रोजच्या गोळ्या, मीठ बंद, जड काम बंद, शेतातली जागल बंद.

"मानूस हाताला लागंल का?" तिने विचारले.

"एक-दोन दिवस जपावे लागतील, मावशी. खोटं सांगत नाही. आणखी महिनाभर तसेच राहिले असते तर काही करता आलं नसतं."

महिनाभर राहिले असते तर, हे वाक्य तिच्या कानात राहिले. म्हणजे राजकन्याने तो पट्टा बांधला नसता तर. आपले प्रेशर जरासे वर नसते तर. ज्या आजाराला ती एवढी भ्याली, त्याच्या पायावर डोके ठेवावे असे तिला वाटले.

संगमेश्वरला तिने शेषेरावांच्या फोनवरून खरे सांगितले. तो लगेच निघतो म्हणाला. फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. भारत होता.

"काकू? तुमी बोलायलाव? म्या काकाला लावलाय समजून. कसं हाय तुमचं? डॉक्टर काय म्हनला? माय सकाळपासून जेवली न्हाई. पारावर समदे इचारायलेत."

साखराबाईने अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दारातून आत पाहिले. आत शिरताना शेषेराव एकच वाक्य बोलले होते, "गावात कळू देऊ नको." तिला त्यांचे म्हणणे पटले होते. गावात कळले की टेम्पो भरून माणसे येणार. खाटेभोवती बसून बाया डोळ्याला पदर लावणार, आणि प्रत्येकीच्या माहेरी असा कोणीतरी दगावलेला असणार. पंचफुलाबाई तर बघताक्षणी भाऊजींचे नाव घेणार. ते नाव ऐकायला हा माणूस आज पुरला नसता.

"मला ठेवून घेतलंय," ती म्हणाली. "छातीत पानी झालंय म्हनले. चार दिस लागतील."

"काकाला द्या की."

"हे गोळ्या आनायला गेलेत. लई बेजार झालेत माझ्यापायी. त्यांना फोन करू नका, कुनी येऊ बी नका. भेटू देत न्हाईत हितं. अन् भारत, म्हशीचं बघ. अन् आजपासून आखाड्यावर दुसरं कुनी तरी पाठव."

"काकू, जपा तुमी."

"हाव. जपते."

तिने फोन बंद केला. आता मात्र तिला रडू आले. भिंतीकडे तोंड करून, टोपी तोंडाशी धरून ती रडली. हदगावचा म्हातारा पाकिटे मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तोंड वळवले.

उन्हे खिडकीतून उतरली तेव्हा धम्मप्रिया बाहेर आली. तिच्या हातात शेषेरावांचा सदरा आणि पायजमा होता आणि प्लास्टिकची एक रिकामी पिशवी. "मावशी, हे ह्यात ठेवा. काकांच्या चपला दाराशी आहेत, त्या पण ह्यातच घाला. तिथं राहिल्या तर कुणीतरी घालून जातं."

साखराबाईने पिशवी घेतली. कपड्यांची घडी करून तिच्यात ठेवली. दाराशी गेली. ढीग आता बराच कमी झाला होता, आणि त्या तपकिरी चपला कडेला जशा ठेवल्या होत्या तशाच होत्या. तिने वाकून त्या उचलल्या. पिशवीचे तोंड उघडले. प्लास्टिक कुरकुरले आणि तिचा हात थांबला.

भारत गाडीतून उतरला होता तेव्हा अशीच पिशवी होती. बाहेरून आतले दिसणारी.

तिने चपला पुन्हा खाली ठेवल्या. ढिगातून स्वतःच्या काढल्या, त्या पिशवीत घातल्या आणि पिशवीला गाठ मारली. मग त्या मोठ्या चपलांत तिने आपले पाय घातले. बोटांपुढे दोन पेरांची जागा उरली. बोटे आवळून धरली तेव्हा कुठे त्या पायात राहिल्या.

थोड्या वेळाने सिस्टरने तिला आत बोलावले, घडीभरच, म्हणाली. शेषेराव पाठीला उशा लावून अर्धे बसलेले होते. नाकाची नळी होती, पण चेहऱ्यावरचा घाम गेला होता. डोळे मिटलेले होते. ती चालत आली तसे चपलांचा फटक फटक आवाज झाला आणि त्यांनी डोळे उघडले. दाराकडे पाहिले, मग फरशीकडे.

"माझ्या घातल्यास?"

"हाव. माझ्या चावायल्यात."

शेषेराव तिच्या पायांकडे पाहत राहिले. पाहता पाहता त्यांचा हात चादरीवरून सरकत कडेला आला. साखराबाईने स्टूल ओढून घेतले आणि तो हात आपल्या मांडीवर घेऊन बसली.

"गावात काय सांगितलंस?"

"मला ठेवून घेतलंय म्हनलं."

 बऱ्याच वेळाने, डोळे मिटून, त्यांनी विचारले, "मग कसं हाय तुला आता?"

"दम लागतोय अजून," साखराबाई म्हणाली. "पन सकाळपरीस कमी हाय."